इनासदादाचा चौदा

सीआरपीचं नवं किट उघडलं की आमच्या लॅबमध्ये पहिला नमुना पेशंटचा लावत नसत, इनासदादाचा लावत. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, आणि कुणी तपासायला आलं असतं तर आम्ही कबूलही केलं नसतं. कंपनी किटबरोबर एक छोटी बाटली देते. तिच्यातल्या द्रवाचा आकडा आधीच ठरलेला असतो. तो मशीनवर जुळला की किट बरोबर. ती बाटली आम्ही लावायचोच, पण लॅब चालवणाऱ्या डॉक्टर मॅडमचा तिच्यावर पुरता भरवसा नव्हता. "ते कंपनीचं पाणी. मला माणसाचं रक्त हवं, ज्याचा आकडा मला पाठ आहे," असं त्या म्हणायच्या. आणि ज्याचा आकडा सगळ्यांना पाठ होता असा माणूस आमच्याकडे एकच होता. चौदा. कधी तेराच्या थोडं पुढे, कधी चौदाच्या जरासं वर, पण तीन वर्षं त्याने चौदाचा शेजार सोडला नाही.

सीआरपी म्हणजे काय हे मला रोज पंधरा वेळा सांगावं लागतं, तेव्हा इथेही सांगून टाकते. अंगात कुठे सूज असली, पू असला, संसर्ग असला की यकृत एक प्रथिन रक्तात सोडतं. ते मोजायचं. धडधाकट माणसात ते पाचाच्या आत असतं, न्यूमोनिया झालेल्या माणसात शंभराच्या वर जातं. इनासदादाला ना ताप होता ना खोकला. त्याचं वजन होतं एकशे अडतीस किलो, आणि चौदा हा त्या वजनाचा आकडा होता. मॅडमनी एकदा चहाच्या वेळी त्याला समजावून सांगितलं. "इनास, चरबी म्हणजे गोणीत भरून ठेवलेला माल नव्हे. जिवंत असते ती. फार झाली की आतल्या आत धुमसत राहते, आणि शरीराला वाटतं कुठेतरी जखम झालीय. मग ते सारखं जखमेची तयारी करत बसतं." इनासदादाने चहात बुडवलेला पाव तोंडात टाकला आणि म्हणाला, "तरी मी म्हंतो, मना भूक येवडी का लागते. आतमदी मानसं कामाला लागलीत ना!"

तो आमच्याकडे रक्त काढायचा. बावीस वर्षं. मी वसईतल्या होळी भागातली, लॅबपासून चालत पाच मिनिटांवर आमची वाडी. तो पाचूबंदरचा, कोळी ख्रिस्ती, बापाची बोट असून बोटीवर न गेलेला. का गेला नाहीस विचारलं की म्हणायचा, "बोट मना नाय हालवत, मीच बोटीला हालवतो." सकाळी साडेसहाला त्याची स्कूटर यायची. ती एका अंगाला कलत यायची आणि तो उतरला की सरळ व्हायची. मी मशीनवर असते, त्यामुळे माझा माणसांशी संबंध नळीतून येतो. त्याचा माणसांशी थेट होता. अर्ध्या वसईला तो हातांवरून ओळखायचा. रस्त्यात कुणी भेटलं की तोंडाकडे बघायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूकडे बघायचा आणि मग म्हणायचा, "अरे, डावीकडची ना तुमची?"

त्याच्यासारखी शीर शोधणारा मी दुसरा पाहिला नाही. केमोथेरपी झालेले, पाण्याअभावी सुकलेले, नव्वदीतल्या म्हाताऱ्या, सगळे त्याच्याकडे. तो पट्टा बांधायचा, डोळे मिटायचा आणि बोटाने नुसता दाबत बसायचा. कुणी घाई केली की त्याचं ठरलेलं वाक्य होतं, "शीर शोधायची नसते, ती भेटते. घाई करनाऱ्याला मासा नाय भेटत आनि शीर नाय भेटत." लहान मुलांसाठी त्याची वेगळी युक्ती होती. "तीन बोललो की टोचनार हां," असं सांगून तो मोजायला लागायचा, एक, दोन, आणि अडीचला सुई आत. पोर तीनची वाट बघत आ वासून बसलेलं असायचं आणि इकडे कापूस लागलेलाही असायचा. एका आईने त्याला खोटारडा म्हटलं. तो मनाला लावून घेऊन मला म्हणाला, "मी खोटा कुटं बोललो, तीन तर मी बोललोच नाय."

एवढा मोठा कारागीर, पण त्याची स्वतःची शीर कुणाला सापडत नसे. त्याचा दंड माझ्या मांडीएवढा होता, पट्टा पुरत नसे, दोन जोडून बांधावे लागत. मॅडमनी तीनदा प्रयत्न करून सोडून दिलं होतं. शेवटी मला बसवलं. मी रक्त काढणारी नव्हे, पण त्यानेच मला शिकवलं, स्वतःच्याच हातावर. "घाबरू नको बाय, हितं फक्त चरबी हाय, लागत नाय." उजव्या हाताच्या मागच्या बाजूला, अंगठ्याच्या वर, एक होती. ती मला भेटली. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्याचं रक्त काढणं हे माझं काम झालं.

लोक त्याच्या शरीरावर बोलायचे आणि तो त्यांच्या आधी बोलायचा. सातिवलीच्या एका कारखान्यात कामगारांची वार्षिक तपासणी होती. तिथे प्लॅस्टिकच्या खुर्चीत तो बसला आणि खुर्चीचे चारही पाय चार दिशांना गेले. समोर साठ कामगार रांगेत उभे. कुणी हसावं की नाही या विचारात होतं, तेवढ्यात तो खालूनच म्हणाला, "पयला कोन? बसूनच घेतो, खाली या." आणि पुढचे दोन तास त्याने जमिनीवर बसून साठ जणांचं रक्त काढलं, एकेकाला समोर मांडी घालायला लावून. उठवायला मात्र चौघे लागले. उठताना तो हसत होता. स्कूटरजवळ आल्यावर हसत नव्हता. मी मागे बसायला गेले तर म्हणाला, "रिक्षान् ये तू. आज नको." मी रिक्षाने आले.

मग एका सोमवारी नवं किट उघडलं, त्याचा नमुना लावला आणि मशीनने दाखवलं, नऊ.

पुन्हा लावला. नऊ. कंपनीची बाटली लावली तर ती बरोबर. मॅडम म्हणाल्या, "बाटलीचं सोडा. इनासचा चौदा आहे. किट खराब." कंपनीला फोन गेला. त्यांचा माणूस अंधेरीहून आला, त्याने तासभर मशीनची पूजा केली, सगळं ठीक असल्याचं सांगितलं. मॅडम ऐकेनात. त्या माणसाने घाम पुसत विचारलं, "तुमचा हा रेफरन्स सॅम्पल कुणाचा आहे?" इनासदादा कोपऱ्यात सुया मोजत उभा होता. तो हळूच पुढे आला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "किट बरा हाय, बाय. मीच उतरलोय."

अठरा किलो उतरला होता. आणि आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. सदरे तो तेच ढगळ घालायचा, आणि एकशे वीस किलोचा माणूसही जाडाच दिसतो. कंपनीच्या माणसाला आम्ही चहा पाजून वाटेला लावलं. मॅडमनी इनासदादाच्या पाठीवर थाप मारली, "अरे, चरबी गेली की धुमसणं कमी होतं, हे मीच तुला सांगितलेलं आणि मीच किटला दोष देत बसले!" खूप हसलो आम्ही त्या दिवशी.

का उतरवतोयस, हे त्याने मला पुढच्या महिन्यात सांगितलं, सुई हातात असताना. त्याला एकच बहीण, फिलोमिना, नऊ वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा फिलू अकरा वर्षांची होती. तिला त्यानेच वाढवलं, तिच्यापायी लग्नही लांबवत लांबवत करायचं राहून गेलं. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. याची किडनी तिला जुळत होती, रक्तगट तोच, पुढच्या चाचण्याही जुळलेल्या. पण मुंबईच्या इस्पितळात डॉक्टरांनी याच्याकडे एकदा पाहिलं आणि कागद मिटला. या वजनात तुम्हालाच भूल देणं धोक्याचं. जखम भरणार नाही. आणि उरलेली एक किडनी एवढं शरीर किती वर्षं ओढणार? आधी नव्वदच्या आत या, सीआरपी खाली आणा, मग बोलू.

"आणि फिलू काय म्हणते?" मी विचारलं.

"ती नाय म्हंते. तुजी घेऊन तू मेलास तर मी जगून काय करू, बोलते." तो हाताच्या मागच्या शिरेकडे बघत होता. "म्हनून उतरवतोय ते तिला नाय सांगितला. उतरलो की सांगीन."

एरवी मी कुणाच्या घरगुती गोष्टीत पडत नाही. पण त्या दिवसापासून त्याचा आकडा मी माझा असल्यासारखा बघू लागले.

भात सोडला त्याने. पाव सोडला, जो त्याने जन्मात सोडला नव्हता. सकाळी साडेपाचला बंदरापासून किल्ल्याला वळसा घालून परत, आधी दर शंभर पावलांवर थांबत, मग न थांबता. लग्नसराई आली तेव्हा खरी परीक्षा झाली. त्यांच्या लग्नांत फुग्या असतात, मैद्याच्या, तळलेल्या, आणि सोबत डुकराच्या मटणाचं इंद्याल. इनासदादाचा विक्रम बेचाळीस फुग्यांचा होता आणि नवरीकडचे लोक त्याच्यासाठी वेगळं पातेलं ठेवायचे. त्या वर्षी मावसभावाच्या मुलीच्या लग्नात तो गरम पाण्याचा पेला घेऊन बसला. मावसभाऊ रागावला. "आमच्या घरचा जेवान आता चालत नाय काय तुला?" खरं कारण सांगता येत नव्हतं, कारण फिलू समोरच्या पंगतीत होती. शेवटी याने दोन फुग्या घेतल्या, त्यांच्या देखत तोंडात टाकल्या आणि मागच्या दाराने बाहेर जाऊन थुंकल्या. हे त्याने मला सोमवारी सांगितलं आणि म्हणाला, "अन्न थुकलो, बाय. पयल्यांदा." त्याला त्याची लाज वाटत होती. रविवारी फादरांकडे जाऊन पापनिवेदनात सांगूनही आला होता.

वजन तो लॅबमध्ये करत नसे. आमचा काटा एकशे तीसला संपायचा, म्हणून सुरुवातीपासूनच तो बंदरावर जिथे मासळीचा लिलाव होतो तिथल्या काट्यावर जायचा. टब तोलायचा तो मोठा सपाट काटा. लिलाव आटोपला की हा चपला काढून त्याच्यावर उभा राहायचा आणि काट्यावरची बाई आकडा मोठ्याने ओरडायची, जसा घोळीचा नाहीतर पापलेटाचा ओरडतात. एकशे बारा! मग टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांतून कुणीतरी बोली लावायची, "डोका काढून किती?" सगळ्या हसायच्या. एकशे चार! अठ्ठ्याण्णव! अख्ख्या पाचूबंदरला त्याचं वजन माहीत होतं. चर्चमध्ये माणसं मिस्सा संपल्यावर त्याचा हात हातात घ्यायची. दोघांनी त्याचं बघून भात सोडला, महिनाभराने परत धरला.

अठ्ठ्याण्णवच्या दिवशी फिलू तिथे होती. डायलिसिसचा दिवस नव्हता, म्हणून मासळी घ्यायला आली होती. तिने आकडा ऐकला. कुणीतरी तिला सांगितलं होतंच, बंदरावर गुपित टिकत नाही. ती काट्याजवळ आली, खाली ठेवलेल्या त्याच्या चपला उचलून त्याच्यापुढे ठेवल्या आणि म्हणाली, "बरा. घेते मी तुजी. चल आता घरी, उनात नको उबा राहू." एवढंच. त्या सोमवारी लॅबमध्ये तो मला हे सांगत होता आणि मी त्याच्या कोपरात, होय, कोपरात, एक हिरवी शीर बघत होते. ती आता बिनपट्ट्याची दिसत होती. त्या महिन्यात त्याचा सीआरपी आला चार. नाचलो नाही एवढंच. मॅडमनी किटसाठी दुसरा माणूस शोधला पाहिजे असं जाहीर केलं आणि तोवर कंपनीच्या बाटलीवर समाधान मानलं.

इथपर्यंत सांगायला मला सोपं जातं. पुढचं मी सरळ सांगते.

वजन उतरत राहिलं. चौऱ्याण्णव झालं. त्या महिन्यात सीआरपी आला सात. इनासदादा म्हणाला, "दाढ सुजल्ये. दोन दिस जेवलो पन नाय." तोंड उघडून दाखवलंही. हिरडी लाल होती. दाढ सुजली की सीआरपी वाढतो, यात खोटं काहीच नाही. दाढ काढली. पुढच्या महिन्यात वजन एक्याण्णव आणि सीआरपी अकरा. मी त्याला चिडवलं, "कुठे हादडलंस रे? फुग्या?" तो म्हणाला, "नाय गो, भूकच मेल्ये. बरा झाला ना, सोडायला तरास नाय आता." मी म्हटलं, मॅडमना दाखवते. त्याने माझा हात धरला. "नको. हॉस्पिटलात सांगतील आनि ते बोलतील थांबा. फिलूला बसायला पन धाप लागते आता. दाढेचाच असल, उतरल. पुडच्या महिन्यात बघू." एकाच महिन्याचा प्रश्न होता. मी बरं म्हटलं.

पुढच्या महिन्यात वजन अठ्ठ्याऐंशी. बंदरावर बायकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. मशीनवर आकडा आला चौदा.

मी त्या आकड्याकडे बघितलं. मला आठवतं, मला बरं वाटलं. अगदी तेच वाटलं, खोटं सांगून काय उपयोग. तीन वर्षं दर महिन्याला तो आकडा आला की आम्ही म्हणायचो, चला, सगळं ठीक आहे, कामाला लागा. तो आला की किट बरोबर, मशीन बरोबर, दिवस बरोबर. दुपारी मॅडम सह्या करत होत्या. त्यांची नजर त्या ओळीवरून गेली. "इनासचा ना? चौदा. बरोबर," म्हणाल्या आणि सही केली. त्या पस्तीस वर्षं हा धंदा करतायत. मी अकरा. एकशे अडतीस किलोचा चौदा आणि अठ्ठ्याऐंशी किलोचा चौदा हे दोन वेगळे आकडे आहेत, हे सातवीतल्या पोरालाही कळलं असतं. चरबी गेली होती. मग धुमसत काय होतं? पण आम्हाला तो आकडा ओळखीचा होता. ओळखीच्याची कुणी चौकशी करत नाही.

नव्वदच्या आत आला म्हणून इस्पितळाने त्याला बोलावलं. किडनी द्यायच्या आधी देणाऱ्याच्या पोटाचा स्कॅन करतात. मंगळवारी स्कॅन झाला. बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला त्याचा मला फोन आला, इस्पितळाच्या बाहेरून. "बाय, मोठ्या आतड्यात गाठ हाय. लिवरमदी पन गेल्ये. ते बोलतात किडनी आता नाय घेता येनार." मी विचारलं, "जेवलास का?" का विचारलं माहीत नाही. तो म्हणाला, "नाय." मागे रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. शेवटी तोच म्हणाला, "तुजे नमुने थांबले असतील, जा."

मी गेले. त्या दिवशी बासष्ट नमुने होते. सगळे लावले, एकही चुकला नाही. डेंग्यूचे दोन होते, ते फोन करून कळवले. संध्याकाळी घरी जाऊन वाल सोलले. मला वाटत होतं की आता काहीतरी होईल, मी रडेन, निदान हात तरी कापतील. काही झालं नाही. अजूनही झालेलं नाही. दात काढताना भूल देतात आणि गाल आपला राहत नाही, तसं काहीतरी. फरक एवढाच की ती भूल तासाभराने उतरते.

मॅडमनी दुसऱ्या दिवशी मागचे चार कागद काढले, चार, सात, अकरा, चौदा, आणि टेबलावर ओळीने मांडले. मग म्हणाल्या, "लिव्हरमध्ये गेलेली होती. दोन महिने आधी कळून काही झालं नसतं." मी विचारलं, "नक्की?" त्या म्हणाल्या, "नक्की कुणाला सांगता येतं?" त्यानंतर आम्ही दोघी त्यावर बोललो नाही. किटच्या वेळी मॅडम अजूनही फक्त कंपनीची बाटलीच लावतात. मी त्यांना दोष देत नाही. दाढ मी बघितली होती, आणि पुढच्या महिन्यात बघू याला बरं मी म्हटलं होतं. इनासदादाने मात्र मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

तो त्यानंतर सात महिने होता. फिलू अजून डायलिसिसवर आहे. दुसरं कुणी जुळलेलं नाही, इस्पितळाच्या यादीत तिचं नाव आहे. तिचे नमुने महिन्याला आमच्याकडे येतात, मी लावते, रिपोर्ट पाठवते. रिपोर्ट न्यायला ती स्वतः आली की आम्ही मासळीबद्दल बोलतो, नाहीतर उन्हाबद्दल.

मी त्याला शेवटचा पाहिला तो पाचूबंदरला, त्याच्या घरी. पुढच्या केमोच्या आधी रक्त तपासायचं होतं आणि त्याला लॅबपर्यंत येणं होत नव्हतं, म्हणून मी गेले. दुपारची वेळ. ओसरीवर जाळं पसरलेलं, शेजारचा म्हातारा ते शिवत बसलेला. आत इनासदादा खाटेवर टेकून बसला होता. अठ्ठावन्न किलो. त्याच्या अंगात तोच जुना सदरा होता आणि गळ्यापाशी त्याच्यात आणखी एक माणूस बसला असता. फिलूच्या हाताला सकाळच्या डायलिसिसची पट्टी तशीच होती आणि ती चुलीपाशी पेज ढवळत होती.

"वजन वाडवायला सांगितलाय आता," तो मला म्हणाला. "नायतर औशद देनार नाय बोलतात. वरीसभर उतरवायला सांगत व्हते." हसला थोडा. मी पट्टा बांधला, एकच पुरला, उरला सुद्धा. शीर समोरच होती, शोधायला काहीच नव्हतं. मी रक्त काढलं, कापूस लावला, त्याचा हात दुमडून दिला.

त्याने उशीखालून एक कागद काढला. स्कॅनचा रिपोर्ट, तोच, मंगळवारचा. घड्यांवर झिजलेला. मला वाटलं, तो आता विचारणार, हे आधी दिसलं असतं का. मी उत्तर तयार करत होते. आतड्यातल्या गाठीच्या तीन ओळी, यकृतावरच्या डागांच्या पाच ओळी, ग्रंथी, पोटातलं पाणी. तो तिथे थांबलाच नाही. त्याचा अंगठा खाली सरकत पार शेवटाकडे गेला आणि एका ओळीखाली टेकला. इंग्रजीत होती. त्याने ती पाठ केली होती, पण मला वाचायला लावली.

मी वाचून मराठीत सांगितलं. दोन्ही मूत्रपिंडं आकाराने आणि रचनेने निरोगी.

"बग ना," तो हळू आवाजात म्हणाला, फिलूला ऐकू जाऊ नये म्हणून. "दोनी चांगल्या हायेत, बाय. दोनी."

मी मान हलवली. फिलू पेजेचा वाडगा घेऊन येत होती. त्याने कागद घडी करून उशीखाली सारला, दोन्ही हात टेकून सरळ बसला आणि ती बसायच्या आत तोंड उघडलं.